अण्णा ४४, पोरगा २३: एका हेवीवेट लढतीचं प्रकरण

हे प्रकरण २०२४-२५च्या हिवाळ्यातलं आहे. माणसांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, घटनाक्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. बॉक्सिंगच्या या लढतीच्या वेळी अण्णांच्या कॉर्नरला, म्हणजे त्यांच्या बाजूनं रिंगच्या कोपऱ्यात, मीच उभा होतो. लढत थांबवायची असेल तर रिंगमध्ये टाकायचा टॉवेल माझ्या हातात होता. वयस्कर खेळाडूला रिंगमध्ये उतरवायचं की नाही, हा प्रश्न ज्या प्रशिक्षकासमोर किंवा घरच्यांसमोर येईल, त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहितो आहे.

पार्श्वभूमी

अण्णा भुसावळचे. खेळाडू कोट्यातून रेल्वेत लागले आणि ९१ किलोवरच्या गटात दहाबारा वर्षं खेळले. आपल्याकडे हेवीवेट मुळातच कमी. खान्देशात अंगानं थोराड पोरगा दिसला की घरचे त्याला कुस्तीच्या तालमीत घालतात. त्यात चाळीसगाव तालुक्यातल्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा आणली, मग तर विचारायलाच नको. त्यामुळे अण्णांना सरावाला तोलामोलाचा जोडीदार कधी मिळालाच नाही. ते कायम हलक्या वजनाच्या पोरांबरोबर खेळत आले. त्यातून त्यांना दोन गोष्टी मिळाल्या: अंगापेक्षा चपळ जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा), आणि आपला उजवा हात बसला की समोरचा संपला असा ठाम विश्वास.

शेवटची लढत त्यांनी पस्तिशीत खेळली. नंतर रात्रपाळ्या, गुडघा, वडिलांचं आजारपण आणि हिवाळाभर चालणाऱ्या भरीत-पार्ट्या. वजन ११८ किलोवर गेलं. तरी दर रविवारी ते जळगावला माझ्या बॉक्सिंगच्या वर्गावर येत आणि पोरांना ठोशांच्या सरावासाठी हातात पॅड धरत. पोरं त्यांना फार मानतात.

१६ नोव्हेंबर २०२४ला, शनिवारी सकाळी, आम्ही दहाबारा जण वर्गावरच माइक टायसन आणि जेक पॉल यांची लढत बघत बसलो होतो. टायसन ५८ वर्षांचा, पॉल २७चा. पोटातल्या अल्सरमुळे टायसनला जुलैतली तारीख सोडावी लागली होती. राउंड नेहमीच्या तीनऐवजी दोन मिनिटांचे, तेही आठच, आणि ग्लोव्हज चौदा औंसांचे, म्हणजे नेहमीपेक्षा जाड. एवढी सवलत असूनही टायसनचे आठ राउंडमध्ये मोजून १८ ठोसे लागले. पॉलचे ७८. पोरं हळहळली. अण्णा मात्र पहिल्या राउंडवरच अडकले होते. "पाह्यलं का भो? हात तर आहे अजून त्याचा."

महिन्याभरात एका उत्सव समितीची माणसं आली. फेब्रुवारीत कुस्त्यांच्या दंगलीआधी बॉक्सिंगची एक प्रदर्शनीय लढत ठेवायची होती. समोर धुळ्याकडचा २३ वर्षांचा पोरगा, वजन ९६ किलो, राज्य पातळीवर पदक मिळवलेला. अण्णांनी मला न विचारता होकार दिला होता.

नेमका प्रश्न

चहाच्या टपरीवर प्रश्न एकच होता: आजच्या पोरांसमोर अण्णा टिकतील का? मीही तोच प्रश्न धरून बसलो, आणि माझी पहिली चूक तिथेच झाली. हा एक प्रश्न नाहीच. पहिल्या मिनिटात काय होईल, पाचव्या मिनिटात काय होईल आणि मार बसल्यावर माणूस किती वेळात सावरेल, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि वय त्यांची वेगवेगळी उत्तरं देतं.

वाढत्या वयात स्नायूंतले झटपट आकुंचन पावणारे तंतू आधी बारीक होतात. सराव सुटलेल्या माणसाची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्क्यांनी घटते. म्हणून आधी पाय जातात, मग दम जातो. ठोशातला जोर सगळ्यात शेवटी जातो, कारण त्यामागे वजन असतं आणि वर्षानुवर्षं घोटलेलं तंत्र असतं. हलक्या गटातला खेळाडू वेगावरच जगतो, त्यामुळे तो थकला की सगळ्या जगाला दिसतं. हेवीवेटचं तसं नसतं. पॅडवर त्याचा आवाज पंचविशीसारखाच येतो. तो आवाज ऐकून बाहेरचे फसतात आणि तो स्वतःही फसतो.

अमेरिकन हेवीवेट जॉर्ज फोरमनचं उदाहरण अशा वेळी हटकून निघतं आणि आमच्याकडेही निघालं. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी, ४५व्या वर्षी, त्यानं २६ वर्षांच्या मायकल मूररला दहाव्या राउंडमध्ये झोपवलं आणि जगज्जेता झाला. हे खरं आहे. पण त्या ठोशाआधी तो तिन्ही पंचांच्या गुणतक्त्यावर मागे होता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दहा वर्षांच्या खंडानंतर तो परतला होता १९८७ साली. मधली सात वर्षं तो एकेक पायरी चढत होता. आधी कितीतरी सोप्या लढती, मग १९९१मध्ये होलीफिल्डकडून गुणांवर हार, १९९३मध्ये टॉमी मॉरिसनकडून पुन्हा हार, आणि त्यानंतर मूरर. लोक तो ठोसा सांगतात, ती सात वर्षं सांगत नाहीत. आमच्या हातात नऊ आठवडे होते.

मला जास्त लागू वाटली ती एप्रिल २०१७मधली लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवरची लढत. व्लादिमिर क्लिच्को ४१चा, अँथनी जोशुआ २७चा. पाचव्या राउंडमध्ये क्लिच्को पडला, उठला आणि सहाव्यात त्यानं जोशुआला आडवं केलं. लढत तिथेच संपवायला हवी होती. पण तो तुटून पडला नाही आणि जोशुआला सावरायला वेळ मिळाला. अकराव्या राउंडमध्ये रेफ्रीनं लढत थांबवली ती क्लिच्को मार खात होता म्हणून. ही लढत मी अण्णांना दाखवली. ती बघून ते म्हणाले, "मी असतो तर सोडला नसता."

समोर असलेले पर्याय

सरळ नकार द्यावा, असं वहिनींचं मत होतं. नियमही त्यांच्याच बाजूचे होते. हौशी बॉक्सिंगमध्ये पुरुषांना चाळिशीनंतर अधिकृत लढत खेळता येत नाही. ही लढत होऊ शकत होती ती केवळ 'प्रदर्शनीय' या शब्दाच्या आधारानं. पण अण्णांना नकार द्यायचा नव्हता, आणि मी अडून बसलो असतो तर ते दुसरा कोणी कॉर्नरला घेऊन उतरले असते. हे मला तेव्हा फार मोठं कारण वाटलं होतं. आज तितकं वाटत नाही.

तीन मिनिटांचे तीन राउंड, हेडगार्ड नाही आणि शेवटी निकाल, ही समितीची इच्छा होती. ती मी पहिल्याच बैठकीत फेटाळली.

तिसरा रस्ता होता लढतच न ठेवण्याचा. अण्णांनी रिंगमध्ये येऊन त्या पोराला पॅड धरावेत, दोनचार हात दाखवावेत आणि सत्कार घ्यावा. मला हाच रस्ता सगळ्यात बरा वाटत होता. पण मी तो जोर लावून मांडला नाही. अण्णांना तो अपमान वाटेल अशी भीती होती.

शेवटी मधला रस्ता निघाला: दोन मिनिटांचे तीन राउंड, सोळा औंसांचे ग्लोव्हज, हेडगार्ड, निकाल नाही, आणि हे सगळं डॉक्टरांनी होकार दिला तरच.

'प्रदर्शनीय' या शब्दावर आम्ही सगळेच विसंबलो, म्हणून इथे एक गोष्ट सांगायला हवी. जानेवारी १९८०मध्ये मुहम्मद अली दिल्लीत आला होता आणि आपल्या कौर सिंग यांच्याशी प्रदर्शनीय लढत खेळला होता. हेच कौर सिंग पुढे १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत हेवीवेटचं सुवर्णपदक जिंकले. अली तेव्हा ३८ वर्षांचा होता. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला तो लॅरी होम्ससमोर उभा राहिला आणि दहा राउंड नुसता मार खात राहिला. शेवटी त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडीनं कॉर्नरमधूनच लढत थांबवली. दिल्लीत आणि लास वेगासमध्ये माणूस एकच होता. लढत मैत्रीची आहे की खरी, हे समोरचा ठरवतो.

तयारीचे नऊ आठवडे

डॉक्टरांनी ईसीजी, टीएमटी (पट्ट्यावर चालवून हृदयाची तपासणी), मेंदूचा एमआरआय आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करायला लावली. रक्तदाब १५० बाय ९६ निघाला. गोळी सुरू झाली, तीन आठवड्यांत आकडे खाली आले. बाकीचे रिपोर्ट स्वच्छ होते. डॉक्टरांनी सही केली, पण एक गोष्ट स्पष्ट सांगितली. वयाबरोबर मेंदू किंचित आकसतो आणि कवटीकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणलेल्या राहतात. त्यामुळे विशीत जो धक्का पचतो, त्याच धक्क्यानं चाळिशीत आत रक्तस्राव होण्याचा धोका जास्त. "रिपोर्ट आजचा आहे," ते म्हणाले, "त्या दिवशीच्या ठोशाचा नाही."

अण्णांनी मेहनत केली, त्याबद्दल शंकाच नाही. जानेवारीच्या कडाक्यात पहाटे साडेपाचला ते तापीच्या पुलाकडे धावायला निघत. नाकातोंडातून वाफ, डोक्याला मफलर, गुडघ्याला पट्टा. भरीत सुटलं नाही, पण तेलाची धार कमी झाली आणि कळण्याची भाकरी एकावर आली. नऊ आठवड्यांत ११८चे १०७ किलो झाले. गाल बसले, खांदे दिसू लागले. वर्गावरची पोरं मोबाइलवर फोटो काढून जुन्या फोटोशेजारी लावू लागली.

आम्ही सगळे इथेच भुललो. होम्ससमोर उतरण्याआधी अलीनंही वजन असंच झपाट्यानं उतरवलं होतं. आरशात तो कित्येक वर्षांनी जुना अली दिसत होता आणि बघणाऱ्यांना वाटलं की जुना अलीच परत आला. उतरलेलं वजन डोळ्यांना दिसतं. गेलेला दम दिसत नाही, तो मोजावा लागतो.

मी मोजलं, पण चुकीचं मोजलं. पॅडवर प्रत्येक राउंडच्या शेवटच्या तीस सेकंदांत किती ठोसे पडतात, ते मी वहीत लिहीत होतो. हा आकडा आठवड्यागणिक वाढत गेला आणि मी खूश होतो. पण पॅड उलटा ठोसा मारत नाही. एका मिनिटाच्या विश्रांतीत नाडी किती खाली येते आणि मार बसल्यावर पुढचा जॅब किती वेळानं निघतो, हे दोन आकडे माझ्या वहीत नव्हतेच.

निर्णयाची वेळ, जी मी घालवली

लढतीला बारा दिवस होते. आमच्याच एका ८५ किलोच्या पोराबरोबर स्पॅरिंग, म्हणजे सरावाची लढत, चाललं होतं. दुसऱ्या राउंडच्या अखेरीस त्यानं साधा डावा जॅब टाकला. वेग बेताचा, तोही आधी खांदा हलवून. अण्णांचे डोळे त्या ठोशावर होते. मी बाजूलाच उभा होतो, मला त्यांच्या बुबुळांची हालचाल दिसली. ठोसा येतोय हे त्यांना कळलं होतं. मान हलली नाही. ठोसा थेट कपाळावर बसला. दहा सेकंदांनी तसाच दुसरा बसला, पुन्हा तसाच.

संपल्यावर मी विचारलं, "अण्णा, दिसला नाही का?"

ते ग्लोव्हजच्या लेसकडे बघत म्हणाले, "दिसला रे. दिसतो. पण मान ऐकत नाही."

इतक्या प्रामाणिक उत्तरानंतर लढत रद्द व्हायला हवी होती. ठोसा न दिसणं ही चूक सरावानं सुधारता येते. ठोसा दिसूनही शरीर न हलणं, आणि तेही दुसऱ्याच राउंडला, यावर बारा दिवसांत इलाज नाही. मला हे माहीत होतं. पण तोवर फलक लागले होते. अण्णांच्या सासरची माणसं पाचोऱ्याहून यायची होती. मी एवढंच केलं की त्या पोराच्या प्रशिक्षकाला फोन लावून सांगितलं, हात जरा आवरता ठेवा. तेही लगेच हो म्हणाले.

सोबत आम्ही एक खूण ठरवली. अण्णांना उत्तर न देता सलग तीन सरळ ठोसे बसले, की मी टॉवेल टाकायचा. अण्णांनी ते मान्य केलं. वहिनींसमोर मान्य केलं.

लढत

पहिला राउंड अण्णांचा होता. त्यांनी रिंगचा मध्य धरला, पोराला फिरायला लावलं आणि जॅबनं अंतर राखलं. दीड मिनिटाच्या आसपास त्यांनी डावा खांदा खाली घेतला आणि उजवा हुक बरगडीत मारला. पोरगा दोरावर गेला आणि त्याची कोपरं खाली आली. मैदान उठून उभं राहिलं. तेव्हा मला क्लिच्कोचा सहावा राउंड आठवला आणि पोटात गोळा आला. हा क्षण आणखी पाच-सात ठोशांचा होता, आणि अण्णांनी दोनच मारले. तिसऱ्यासाठी पाऊल पुढे टाकायला हवं होतं. पाऊल पडलं नाही.

विश्रांतीत ते स्टुलावर बसले तेव्हा पाणी तोंडात घेऊन थुंकायचं विसरले. छाती भात्यासारखी चालली होती. मी म्हणालो, "इथेच थांबू या." त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. माझ्याकडे तेव्हा चाळीस सेकंद होते.

दुसऱ्या राउंडला पोरगा बदलून आला. त्याचे काका, चुलतभाऊ, सगळं गाव समोर बसलेलं, आणि त्याला नुकताच एका चव्वेचाळीस वर्षांच्या माणसानं दोरावर नेलेलं. त्यानं हात आवरावा अशी अपेक्षा ठेवणंच त्याच्यावर अन्याय होता. दुहेरी जॅब, पाठोपाठ उजवा. पुन्हा दुहेरी जॅब. अण्णांचा डावा हात गालावरून हळूहळू छातीवर आला.

सलग तीन बसले. मी टॉवेल टाकला नाही.

का टाकला नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तिसऱ्या ठोशानंतर अण्णांचा उजवा खांदा किंचित हलला आणि मला वाटलं, आता ते मारतील. एकवीस वर्षं तो खांदा हलताना बघत आलोय मी. चौथा बसला. पाचवा बसला. पहिल्या रांगेत वहिनी उभ्या राहिल्या, त्या ओरडल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग टॉवेल गेला. रेफ्रीनं तत्क्षणी हात आडवे केले. दुसऱ्या राउंडचा एक मिनिट वीस सेकंद झाला होता.

पुढे काय झालं

रात्री शेवभाजी समोर असताना अण्णांनी विचारलं की दुसऱ्या राउंडची घंटा झाली का. त्यांना ती आठवतच नव्हती. डोकं दुखत होतं. आम्ही ताट तसंच सोडून जळगाव गाठलं. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही. मेंदूला धक्का बसल्याचं निदान झालं. डॉक्टरांनी आधी पूर्ण विश्रांती, मग फक्त चालणं आणि सहा आठवडे रिंगपासून लांब राहायला सांगितलं. रात्रपाळी बंद करून घेतली. तीन आठवडे त्यांना उजेडाचा त्रास होत होता.

अण्णा पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. टॉवेल उशिरा पडला म्हणून राग असेल असं मी धरून चाललो होतो. त्यांचा राग होता तो टॉवेल पडलाच का, यासाठी.

२१ मार्च २०२५ला जॉर्ज फोरमन गेला. दुसऱ्या दिवशी अण्णांचा फोन आला. लढतीचा विषय निघाला नाही. ते एवढंच म्हणाले, "सात वर्षं लागली होती त्याला, नाही का?" मी हो म्हणालो. मग ते रविवारी कुठल्या गाडीनं येणार ते ठरलं.

पुन्हा वेळ आली तर

टॉवेल मी माझ्या हातात ठेवणार नाही. कॉर्नरला मी असेन, पाणी देईन, पण थांबवण्याचा अधिकार अशा माणसाकडे असेल ज्यानं त्या खेळाडूला तरुणपणी कधी बघितलेलं नाही. ज्यानं बघितलंय, तो समोरच्या माणसाला बघत नाही, आठवणीतल्याला बघतो. हे मी रिंगच्या कडेला उभं राहून शिकलो.

स्पॅरिंग आधी, फलक नंतर. आमच्याकडे हे उलट झालं. चार आठवड्यांवर एक आणि दोन आठवड्यांवर एक, अशा दोन पूर्ण लांबीच्या स्पॅरिंग झाल्याशिवाय समितीला शब्दच द्यायला नको होता. तिथे तोल, मान आणि नाडी बघायची. पॅडवरचा आवाज ऐकायचा नाही.

रिंगजवळ डॉक्टर हवा होता. आमच्याकडे प्रथमोपचाराची पेटी होती आणि एका कार्यकर्त्याची गाडी. सीटी स्कॅनला पोहोचायला आम्हाला तीन तास लागले. आत रक्तस्राव असता तर ते तीन तास महागात पडले असते.

आणि पॅड धरण्याचा तो तिसरा रस्ता मी पहिल्याच दिवशी, वहिनींना शेजारी बसवून, ठामपणे मांडला असता. अण्णांना वाईट वाटलं असतं, मान्य. पण त्यांना काय वाटेल हे मी त्यांच्या वतीनं ठरवून टाकलं आणि विचारलंच नाही, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त सलते.

मे महिन्यात तो धुळ्याचा पोरगा स्वतः भुसावळला आला. ऊन पंचेचाळीसच्या वर, दुपारची वेळ, हातात पेढ्यांचा पुडा. तो अण्णांच्या पाया पडला आणि म्हणाला, "आण्णा, तुमना पहिला हात बसना तव्हय माले वाटनं, आते पडस मी." अण्णांनी त्याला उभं केलं आणि उजव्या ठोशानंतर त्याची हनुवटी वर राहते ते दाखवलं. दिवाणखान्यातच, पंख्याखाली, दोघं अनवाणी. वहिनी पाण्याचे पेले घेऊन दारात थांबल्या होत्या.

आता महिन्यातून दोन रविवार तो पोरगा जळगावला येतो आणि अण्णा त्याला पॅड धरतात. समितीचा पुढच्या वर्षासाठी निरोप आलाय. उत्तर अण्णांनी स्वतः लिहायला घेतलंय, आणि पाठवण्याआधी ते वहिनींना आणि मला वाचून दाखवणार आहेत.